वाईट बातमी जानेवारीत सांगा: प्रॅक्टिस सोडण्याच्या विचारात असलेल्या तरुण सीएला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मिरजेत चार वर्षांपासून स्वतःची प्रॅक्टिस आहे. नव्वदेक क्लायंट, बहुतेक छोटे व्यापारी, कारखानदार आणि पगारदार. आजवर एकही रिटर्न चुकलं नाही, तरी दरवर्षी पाच-सहा जण दुसऱ्याकडे जातात. फी वेळेवर येत नाही. काही जण मला न पटणाऱ्या कागदांवर सही मागतात. पुण्याच्या एका मोठ्या फर्मकडून नोकरीची ऑफर आली आहे. प्रॅक्टिस सोडू का?"

मी इचलकरंजीत प्रॅक्टिस करतो. माझ्याकडे यंत्रमागवाले, सायझिंगवाले (सुताला खळ देणारे), सूत आणि कापडाचे व्यापारी जास्त. मिरज इथून जवळ, माणसंही तशीच आणि फी मागताना होणारा संकोचही तोच. म्हणून उत्तर इथल्याच धंद्यातली उदाहरणं घेऊन देतो. आयकराची कलमं सांगताना १९६१ च्या कायद्यातले क्रमांक वापरतो, कारण अजून सगळ्यांच्या तोंडात तेच आहेत. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात क्रमांक बदलले आहेत.

नोकरीच्या प्रश्नाकडे शेवटी येतो. आधी तुमचं ते वाक्य, "एकही रिटर्न चुकलं नाही, तरी लोक जातात." तुमचं काम चोख असणार, मला शंका नाही. पण तो चोखपणा क्लायंटला दिसतच नाही. ताळेबंद बरोबर आहे की नाही हे ज्याला स्वतःला कळतं, तो तुमच्याकडे कशाला येईल? त्याला दिसतं ते एवढंच: फोन उचलला का, सांगितलेल्या दिवशी काम झालं का, आणि खिशाला चाट बसणार होती ती आपल्याला आधी कळली की नंतर. पहिल्या दोन गोष्टी बहुतेक सगळे तरुण सीए सांभाळतात. तिसरीत कमी पडतात. मला विचाराल तर सीए, वकील, आर्किटेक्ट, कोणीही असो, दुसऱ्याच्या वतीने काम करणाऱ्या माणसाचं करिअर या तिसऱ्या गोष्टीवर उभं राहतं.

उदाहरण घ्या. २०२३ च्या वित्त कायद्याने कलम ४३बी मध्ये (एच) हे पोटकलम आलं आणि आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून लागू झालं. सूक्ष्म किंवा लघू उद्योगाकडून माल किंवा सेवा घेतली, तर लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत पैसे द्यायचे. मुदत उलटून गेली आणि ३१ मार्चलाही रक्कम थकलेली असली, तर तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही, पैसे प्रत्यक्ष दिले त्या वर्षी मिळतो. कापडाच्या धंद्यात दोन-तीन महिन्यांची उधारी नेहमीची. त्यामुळे २०२४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये बाजारात धांदल उडाली. मुदतवाढ द्या, कलम पुढे ढकला, अशा मागण्या व्यापारी संघटनांनी केल्या.

आता दोन व्यापारी डोळ्यांसमोर आणा. दोघांच्याही डोक्यावर लहान कारखानदारांचं प्रत्येकी ४० लाखांचं थकलेलं देणं आहे. दोन्ही भागीदारी फर्म, म्हणजे कर ३० टक्के आणि त्या करावर ४ टक्के सेस. देणं तसंच राहिलं तर १२ लाख ४८ हजारांचा कर या वर्षी जादा भरावा लागणार. पहिल्याच्या सीएने ऑगस्टमध्येच पुरवठादारांची यादी मागितली. कोण उत्पादक आहे, कोण नुसता व्यापारी आहे हे वेगळं केलं, कारण व्यापाऱ्याकडून घेतलेल्या मालाला हे कलम लागत नाही. मध्यम उद्योग बाजूला काढले, त्यांनाही लागत नाही. मग सांगितलं, एवढ्या आठ जणांचे पैसे मार्चच्या आत द्यायची तजवीज करा, गरज पडली तर सीसीची (बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जाची) मर्यादा वाढवून घ्या. दुसऱ्याच्या सीएलाही कलम तोंडपाठ होतं. त्याने पुढच्या सप्टेंबरमध्ये, टॅक्स ऑडिटच्या वेळी, रिपोर्टमध्ये रक्कम अचूक दाखवली. दोघांचंही काम कायद्याने बरोबर. दुसरा व्यापारी मात्र पुढच्या वर्षी तिथे राहणार नाही, आणि त्याला दोष देता येणार नाही.

तुमचे जे पाच-सहा जण जातात, त्यांच्या फाइली काढून एवढंच पाहा: शेवटच्या वर्षात त्यांना एखादा आकडा अचानक कळला होता का? स्वयंमूल्यांकनाचा कर (रिटर्नबरोबर भरायचा उरलेला कर), जीएसटीतलं क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) नाकारलं जाणं, लेट फी, व्याज, काहीही. माझा अंदाज आहे की निम्म्याहून जास्त फाइलींत असा एखादा आकडा सापडेल.

वाईट बातमी उशिरा सांगितली जाते, त्याचं कारण आळस नसतो. माणूस चिडेल ही भीती असते. चिडतोच. पण जानेवारीत चिडलेल्या माणसाच्या हातात अडीच महिने असतात, आणि काहीतरी करता आलं की राग आपोआप उतरतो. ऑक्टोबरमध्ये चिडलेल्या माणसाच्या हातात फक्त कर भरायचं चलन असतं.

सांगायची एक पद्धत असते, ती मुद्दाम शिकावी लागते. आधी रक्कम, मग कारण, मग अजून काय करता येईल आणि कोणत्या तारखेपर्यंत. आपण बहुतेक वेळा उलटं करतो. कलमापासून सुरुवात करतो, पाच मिनिटं कायदा समजावतो आणि आकडा शेवटी हळूच सांगतो. तोवर समोरच्याच्या पोटात गोळा आलेला असतो. अॅडव्हान्स टॅक्सचंच, म्हणजे वर्ष चालू असतानाच हप्त्यांत भरायच्या कराचंच बघा. एखाद्याचा वर्षाचा कर ६ लाख होणार आहे आणि त्याने जून, सप्टेंबर, डिसेंबरचे तिन्ही हप्ते चुकवले आहेत. जानेवारीत त्याला व्हॉट्सअॅपवर असा निरोप जायला हवा:

"नमस्कार दादा. डिसेंबरअखेरच्या हिशेबाने या वर्षीचा कर अंदाजे ६ लाख होतोय, अजून काही भरलेलं नाही. तीन हप्ते चुकल्याचं २४,३०० व्याज आता लागणारच. १५ मार्चच्या आत पूर्ण ६ लाख भरले तर व्याज तिथेच थांबेल. जुलैमध्ये रिटर्नबरोबर भरले तर आणखी ३०,००० जातील. किती जमेल ते शुक्रवारपर्यंत सांगा, चलन मी काढून पाठवतो."

यात व्याजाची कलमं २३४बी आणि २३४सी कुठेच आली नाहीत, पण हिशेब त्याच कलमांचा आहे. आणि निरोप लेखी गेला आहे. फोनवर सांगा, जरूर सांगा, पण त्याच दिवशी लिहूनही ठेवा. "तुम्ही सांगितलंच नव्हतं" हे वाक्य आपल्या धंद्यात फार ऐकावं लागतं. लोक खोटं बोलत नसतात, दुकानाच्या गर्दीत ऐकलेलं विसरतात.

जीएसटीत तर ही संधी दर महिन्याला मिळते. १४ तारखेला २बी, म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांचं पत्रक, तयार होतं. कोणत्या पुरवठादाराने बिल दाखवलं नाही हे त्याच दिवशी कळतं. क्लायंटने त्याचे पैसे द्यायच्या आत त्याला कळवलं तर त्याच्या हातात काही राहतं. पैसे देऊन झाल्यावर कळवलं तर तो पुरवठादाराच्या मागे फिरत बसतो आणि मनात राग तुमच्यावर धरतो. स्वतःकडून उशीर होणार असेल तेव्हाही हाच नियम. गुरुवारी द्यायचं काम होणार नाही हे मंगळवारी कळलं असेल, तर मंगळवारीच सांगा.

आता सहीचा प्रश्न. तुम्ही लिहिलंय की कर्जासाठी उत्पन्न वाढवून दाखवा, नेटवर्थ (मालमत्ता वजा देणी) सर्टिफिकेट मागच्या तारखेचं द्या, असं मागतात. मागच्या तारखेचा विषय बऱ्याच अंशी मिटलेला आहे. १ फेब्रुवारी २०१९ पासून प्रत्येक सर्टिफिकेटला युडीआयएन (सीएने सही केलेल्या कागदाचा ऑनलाइन काढायचा क्रमांक) लागतो. सही केल्यापासून ६० दिवसांत तो काढावा लागतो आणि बँक तो १८ अंकी क्रमांक पोर्टलवर तपासू शकते. उत्पन्न फुगवण्याचा विषय मात्र मिटलेला नाही. इथे नाही कसं म्हणायचं, ते ठरवून ठेवा. "नियमात बसत नाही" असं म्हणू नका. त्यावर उत्तर तयार असतं, "अमक्याच्या नियमात बसतं की, साहेब." संवाद असा व्हायला हवा:

"साहेब, तेवढं २२ लाख दाखवून द्या, लोन बसतंय त्यात."

"मामा, पुस्तकात १४ लाख आहेत. मी १४ वरच सही करणार. १४ लाखांवर किती कर्ज बसतं आणि मामींचं उत्पन्न सहअर्जदार म्हणून धरता येतं का, ते आज संध्याकाळी बँकेत विचारून सांगतो."

पहिला भाग पक्का, दुसरा भाग मदतीचा. उपदेश नाही, दंडाची भीती घालणं नाही. तरीही मामा दुसऱ्याकडे गेले तर जाऊ द्या, आणि गेलेल्यांच्या यादीत त्यांचं नाव धरू नका. ज्या कागदावर तुमचा सभासद क्रमांक आहे, तो कागद कर्ज बुडाल्यावर पुन्हा उघडला जातो. त्या वेळी मामा तुमच्या शेजारी उभे राहत नाहीत. दुसरी बाजू अशी की गावातल्या बँकांच्या कर्ज विभागाला कोणाच्या सहीवर किती विसंबायचं हे दोन-तीन वर्षांत कळतं. मला मिळालेली चांगल्या कारखानदारांची कामं बऱ्याचदा तिकडूनच आली आहेत.

फीबद्दल मी जरा सविस्तर बोलतो, कारण इथे आपल्या भागातले हुशार सीएही गप्प बसतात. काम सुरू करण्याआधी फी बोलायची. रिटर्न भरून झाल्यावर "द्या तुम्हाला काय वाटेल ते" म्हणणारा सीए क्लायंटलाच अवघडून टाकतो. त्यालाही नेमका आकडा हवा असतो. एका पानाचं पत्र मराठीत करा: वर्षभरात कोणती कामं यात येतात, कोणती येत नाहीत, फी किती, कधी द्यायची. नोटिशीला उत्तर, बँकेसाठी पुढच्या वर्षांचे अंदाज (प्रोजेक्शन), जीएसटी ऑडिटला हजर राहणं, ही कामं "येत नाहीत" या रकान्यात लिहा आणि त्यांचा दर खाली द्या. हे पत्र नसतं तेव्हा नोटिशीचं काम वीस तास खातं आणि त्याची फी मागायला तोंड उघडत नाही. वसुलीच्या किंवा वाचवलेल्या कराच्या टक्केवारीवर फी ठरवू नका. काही मोजके अपवाद सोडले तर सनदी लेखापाल कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत ते गैरवर्तन ठरतं. आणि टक्केवारी घेणाऱ्याचा सल्ला कलतोच.

वर्षाअखेर एकदम बिल देण्यापेक्षा तिमाहीला द्या. व्यापारी २४ हजार एकरकमी द्यायला कुरकुरतो, तेच सहा-सहा हजार चार वेळा सहज देतो. बिल दिलं की त्याच दिवशी ते मिळाल्याची पोच घ्या. स्वतःची उद्यम नोंदणी (सूक्ष्म-लघुउद्योग म्हणून सरकारकडची नोंद) करून ठेवा. आपण सेवा देणारे सूक्ष्म उद्योगच आहोत, त्यामुळे वर सांगितलेलं ४३बी(एच) आपल्या बिलालाही लागतं. थकलेली फी क्लायंटला ३१ मार्चला खर्चात धरता येत नाही, हे त्याला फेब्रुवारीत सौजन्याने कळवा. धमकी म्हणून नाही, ही त्याचीच वजावट आहे म्हणून.

पण २० तारखेला ३बी (जीएसटीचं मासिक रिटर्न) अडवून फी वसूल करू नका. पैसे मिळतील, पण त्या दिवशी तुमचा हात त्याच्या गळ्यावर होता हे तो विसरणार नाही. थांबायचं असेल तर पुढचं काम हातात घेण्याआधी, लेखी सांगून थांबा. वैधानिक (कायद्याने सक्तीच्या) ऑडिटच्या फीचं थोडं वेगळं आहे. जुन्या ऑडिटरची वादात नसलेली फी बाकी असताना नव्याने ऑडिट स्वीकारू नये, असं सीएंच्या संस्थेचं (आयसीएआय) बंधन आहे, आणि स्वीकारण्याआधी जुन्याला लेखी कळवणंही सक्तीचं आहे. असं पत्र तुमच्याकडे आलं तर रागाने फाडू नका. बाकीचा तपशील लिहून, नेमकं उत्तर द्या. तुम्ही दुसऱ्याचं काम घेताना तुम्हीही पत्र पाठवा, मग तो तुमचा आर्टिकलशिपचा (सीएकडच्या उमेदवारीचा) मित्र का असेना.

नातेवाइकांची फी ही आपल्याकडची खास अडचण. काका, आत्याचे जावई, सोसायटीचे चेअरमन. माझं मत स्पष्ट आहे: ज्याचं करायचं त्याचं पूर्ण फुकट करा, मनापासून करा आणि वर्षाला अशी किती करायची ते आधी ठरवा. बाकीच्यांना पूर्ण फी सांगा. पाच हजारांच्या कामाचे पाचशे घेतले तर नातं जपल्याचं समाधान मिळत नाही आणि कामाचे पैसेही मिळत नाहीत. उलट तो पाचशे देणारा दहा जणांना तुमचा दर पाचशे म्हणून सांगतो.

ऑफिसमधल्या दोन गोष्टी पटकन सांगतो. क्लायंटची डीएससी (डिजिटल सहीची) टोकनं तुमच्या ड्रॉवरमध्ये पडून असतील, जवळजवळ सगळ्यांकडे असतात. ज्याची सही आहे त्याला टोकन परत करणं सगळ्यात चांगलं. ते जमत नसेल तर रजिस्टर ठेवा, कोणत्या दिवशी कशासाठी वापरलं ते लिहा आणि वापरल्याचा निरोप त्याच वेळी क्लायंटला जाऊ द्या. दुसरं, क्लायंट तुमच्या असिस्टंटशी बोलतात आणि तुमच्याशी फक्त सप्टेंबरमध्ये, असं झालं असेल तर तो असिस्टंट नोकरी सोडेल तेव्हा क्लायंटही त्याच्या मागे जातील. वर्षातून एकदा, कामाशिवाय, प्रत्येक मोठ्या क्लायंटच्या कारखान्यात जाऊन या. माग चालताना बघा, गोदाम बघा. साठ्याचा आकडा बरोबर वाटतो की नाही हे तिथे उभं राहिलं की जितकं कळतं, तितकं एक्सेलमध्ये कळत नाही.

तुमच्या यादीत कुपवाड एमआयडीसीतले लहान कारखानदार असतील असं गृहीत धरतो. तुमच्या प्रॅक्टिसचं पुढचं पाऊल मला तिथे दिसतं. ४३बी(एच) मुळे मोठ्या खरेदीदारावर दडपण येतं, याचा फायदा या लहान माणसांना व्हायला हवा, पण त्यातल्या अनेकांच्या बिलावर उद्यम क्रमांकही छापलेला नसतो. एका शनिवारी दहा जणांना बोलवा. त्यांना सांगा की २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योगांच्या) कायद्याने वर सांगितलेल्या मुदतीपुढे (करार नसेल तर १५, असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस) थकलेल्या रकमेवर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ होणारं व्याज मागता येतं. उद्यम क्रमांक बिलावर छापा, माल पोचल्याची तारखेसह पोच घ्या, करारात दिवस लिहा. ही माहिती देण्याला जाहिरात म्हणत नाहीत. तुमचेच क्लायंट आहेत, तुम्ही त्यांच्या कामाचं सांगताय. रिटर्न भरून देणारा म्हणून ज्यांनी तुम्हाला पाच हजार दिले, तेच लोक अडकलेले आठ लाख मोकळे झाल्यावर तुमच्याकडे वेगळ्या नजरेने बघतील आणि पुढचं मशीन घेण्याआधी तुम्हाला विचारतील. रिटर्न भरण्याचं काम दरवर्षी सोपं होत चाललंय, पोर्टल निम्मे रकाने आधीच भरून देतं. मशीन घेऊ की नको, कर्जावर घेऊ की नफ्यातून, याचं उत्तर पोर्टल देत नाही.

आता नोकरी. ऑडिट सीझनच्या थकव्यात निर्णय घेऊ नका, त्या फर्मकडे महिना-दीड महिन्याची मुदत मागा. मोठ्या फर्मने तुम्हाला निवडलं असेल तर एवढा वेळ ते देतात. मग स्वतःला एकच गोष्ट विचारा: तुम्हाला कंटाळा कशाचा आलाय? माणसांचा आला असेल, म्हणजे फोन, समजूत काढणं, फी मागणं, हे सगळंच नको वाटत असेल आणि गुंतागुंतीचा एखादा मुद्दा सोडवत तासन् तास बसायला आवडत असेल, तर पुण्याला जा. ती कमी दर्जाची निवड मुळीच नाही. मोठ्या कंपन्यांची ऑडिट, ट्रान्सफर प्रायसिंग (एकाच समूहातल्या कंपन्यांच्या आपसातल्या व्यवहारांच्या किमती), ही कामं मिरजेत बसून करायला मिळणार नाहीत. पण कंटाळा फक्त न मिळालेल्या फीचा आणि नको त्या सह्यांचा असेल, तर ते दोन्ही वर सांगितलेल्या मार्गाने एका वर्षात बरंच कमी होतं. त्यासाठी गाव सोडावं लागत नाही.

जायचं ठरलं तर नीट जा. सप्टेंबरच्या मध्यात किंवा मार्चमध्ये हात काढून घेऊ नका, ऑक्टोबरची रिटर्न संपल्यावर निघा. प्रत्येक क्लायंटला लेखी कळवा, टोकनं, पासवर्ड, मूळ कागद पोच घेऊन परत करा. कोणती नोटीस प्रलंबित आहे, तिचं उत्तर कधी द्यायचंय, कोणतं जीएसटी क्रेडिट ३० नोव्हेंबरच्या आत घ्यायचं राहिलंय, याचं एक पान प्रत्येक फाइलीत वर लावा, म्हणजे पुढच्या सीएला पहिल्या दिवसापासून कळेल. पूर्णवेळ नोकरी आणि प्रॅक्टिसचं प्रमाणपत्र दोन्ही एकत्र ठेवण्यावर संस्थेची बंधनं आहेत, त्यामुळे नेमणूकपत्रावर सही करण्याआधी ते तपासून घ्या. आणि राहायचं ठरलं तर नव्वद नावांची यादी काढून, ज्यांचा या वर्षीचा कर गेल्या वर्षीपेक्षा वाढणार आहे त्यांच्यापासून फोन करायला सुरुवात करा.